लाल पळस

"आली का?" बाबांनी डोळे न उघडता विचारले.

"नाही अजून."

"तिकडे आत्ता सकाळ आहे. डोना मुलांना शाळेत सोडून आली की मग मेल बघते."

चादर बदलायला आलेली बायडाबाई थांबली. वॉर्डातली ही आया वारज्याच्या पलीकडच्या गावातून यायची. "काका, रोज कुनाची वाट बघताय? पोरगा हाय का तिकडं अमेरिकेत?"

"नाही. माझं नाव गेलंय तिकडे," बाबा म्हणाले. "पास होऊन यायचंय."

बायडाबाईने माझ्याकडे पाहिले. औषधांच्या गुंगीत माणसे काहीबाही बोलतात, हे तिने वीस वर्षे पाहिले होते. तिने उशी सारखी केली आणि "येईल, येईल" म्हणून निघून गेली. पण बाबा पूर्ण शुद्धीवर होते आणि अक्षरशः खरे सांगत होते.

माझे वडील, श्रीनिवास गानू, टेलिफोन खात्यात कारकून होते. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत राहत असताना, १९७४ साली, त्यांनी संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकायला सुरुवात केली. जपानीच का, असे कोणी विचारले तर आई परस्पर सांगायची, "जर्मनचा वर्ग भरला होता." वीस वर्षे त्या भाषेचा कोणालाच उपयोग झाला नाही. मग एक्याण्णवनंतर पुण्याभोवतीच्या कारखान्यांत जपानी यंत्रे येऊ लागली, आणि यंत्रांबरोबर जाडजूड पुस्तके. बाबा ती मराठीत आणायचे. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी मला एकदा नेले होते. प्रत्येक यंत्रावर पिवळी पट्टी होती: "झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा." बाबा तिच्यापुढे क्षणभर उभे राहिले. पट्टीवर कंपनीचे नाव होते, यंत्राचा क्रमांक होता. भाषांतर करणाऱ्याचे नाव घालायची पद्धत नव्हती.

पुढे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. परीक्षा देऊन ओसाकाला सहा महिने राहून आलेली मुले आली. बाबांना कोणी नको म्हटले नाही. फोन वाजायचा थांबला, इतकेच.

त्या रिकाम्या दिवसांत इंटरनेटवर त्यांना ते अमेरिकन मंडळ सापडले. ही मोठी माणसे सुटीच्या दिवशी मध्ययुगातले कपडे घालून माळावर तंबू ठोकतात, वेताच्या तलवारींनी लढतात, शिवणकाम आणि स्वयंपाकही जुन्या रीतीने करतात. प्रत्येकाने त्या काळातले एक नाव घ्यायचे आणि ढालीवर एक चिन्ह. मात्र मनाला येईल ते नाव चालत नाही. सोळाशे सालाआधी अशी नावे प्रचारात होती, याचा पुरावा द्यावा लागतो. चिन्ह दुसऱ्या कोणासारखे असून चालत नाही. मग मंडळाची नोंदणी समिती महिन्यातून एकदा बसते आणि नावे मंजूर करते किंवा परत पाठवते. इंग्रज-फ्रेंच नावे जाणणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते. जपानी, चिनी, कोरियन नावांपाशी सगळे अडायचे. बाबांनी त्यांची एक चूक पत्राने दाखवली, आणि पुढची सात वर्षे ते लोक प्रत्येक जपानी नाव बाबांकडे पाठवत राहिले. फुकट. प्रत्येक नावाचे बाबा एक कार्ड करायचे: नाव, पुरावा, निर्णय. टेक्सासच्या कोणाला चित्रकथेतल्या सामुरायचे नाव हवे असायचे. बाबा लिहायचे, "पुरावा नाही. परत."

"जपानात पाय नाही ठेवला, अमेरिकेत नाही," आई म्हणायची. "आणि अमेरिकेतल्या लोकांना जपानी नावं ठेवत बसलेत."

"ठेवत नाही. तपासतो."

गेल्या ऑक्टोबरात स्वादुपिंडाचा आजार निघाला. डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही. बाबांनी विचारला नाही. घरी आल्यावर त्यांनी टेबलाशी बसून पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा अर्ज भरला. चारशेबारा लोकांना नावे मिळवून दिलेल्या माणसाकडे स्वतःचे नव्हते, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते.

नाव होते नाकाहारा नो यासुनोरी. नाकाहारा हे क्योतोच्या दरबारात पिढ्यानपिढ्या दप्तर सांभाळणाऱ्यांचे घराणे.

"एखादा योद्धा तरी घ्यायचात," मी म्हटले.

"कारकून आहे मी. तिथेही खोटं कशाला सांगू?"

चिन्ह म्हणून त्यांनी पळसाचे फूल काढले, खाली तीन पाने. "क्योतोला जा नाहीतर कोथरूडला," ते म्हणाले, "पळसाला पानं तीनच."

अर्ज कागदावरच पाठवायचा असतो, मेलने चालत नाही. चिन्ह हाताने रंगवायचे, कारण छपाईत रंग बदलतात. बाबांचा हात थरथरत होता, म्हणून ते माझ्याकडे आले. "पानं काळी, फूल लाल. रेघेबाहेर जाऊ नकोस," असे सांगून ते आडवे झाले. केमोनंतर ते असेच एकाएकी झोपी जात.

मी स्केचपेन घेऊन बसले. पाने काळी केली. लाल पेन हातात घेतले आणि थांबले. आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर दर फेब्रुवारीत बाबा मला पळस बघायला नेत असत. पळस लाल नसतो. मी केशरी पेन उचलले. फूल इतके सुरेख झाले, की बाबांना उठवून दाखवावेसे वाटले. पण ते झोपले होते. मी पाकीट बंद केले आणि पोस्टात देऊन आले.

मार्चअखेर उत्तर आले. नावाबद्दल काही हरकत नव्हती. चिन्ह परत, आणि त्यासोबत अख्खा अर्जही. कारण: त्या लोकांच्या नियमांत सातच रंग आहेत. लाल, निळा, हिरवा, जांभळा, काळा, पांढरा, पिवळा. केशरी नाही.

मी ते बाबांना वाचून दाखवले. तोवर ते रुग्णालयात होते.

"कुठला रंग लावलास?"

"केशरी."

आता रागावतील म्हणून मी बसून राहिले. रागावले असते तर बरे झाले असते.

"पळस केशरीच असतो," ते म्हणाले. "चूक त्यांच्या यादीत आहे." मग थोड्या वेळाने, "पण यादी त्यांची आहे. लाल लाव."

दुसरा अर्ज मी कुरिअरने पाठवला. एप्रिलची यादी बंद झाली होती; समितीची पुढची बैठक वीस मेला होती. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर थांबवून विचारले, "रजा किती दिवसांची काढलीये?"

"महिन्याची."

"बरं," ते म्हणाले. त्या "बरं"मध्ये सगळे होते.

त्या दुपारी मी रुग्णालयासमोरच्या सायबर कॅफेतून डोनाला लिहिले. डोना ओहायोत शाळेची बस चालवते आणि मंडळात बाराव्या शतकातली इझाबेल असते; बाबांनी तपासलेली नावे तिच्यामार्फत समितीपुढे जात. मी लिहिले, की माझे वडील वीस तारखेपर्यंत राहणार नाहीत, फुलाचा रंग माझ्यामुळे चुकला, दोन महिने माझ्यामुळे गेले, निर्णय आधी द्या. इतके लाचार पत्र मी आयुष्यात कोणाला लिहिलेले नाही. डोनाने समितीला विचारले. नियम नाही, असे उत्तर आले. बैठकीआधी कोणाचाच निर्णय होत नाही. शिवाय बैठकीच्या दिवशी अर्जदार हयात असावा लागतो. तिने हे फार दुःखाने कळवले होते. मी पुन्हा लिहिले. तिने पुन्हा विचारले. पुन्हा नाही.

बाबांना मी यातले काही सांगितले नाही. "रांग मोडायला कोणी सांगितलं होतं?" एवढेच ते म्हणाले असते.

आठ मेच्या संध्याकाळी त्यांचा श्वास बदलला. आई पायांशी बसून त्यांचे तळवे चोळत होती. त्यांनी डोळे उघडले.

"आली का?"

मी म्हणाले, "आली, बाबा. झालं तुमचं नाव. दोन्ही मंजूर."

आईने चोळायचे थांबवून माझ्याकडे पाहिले.

बाबांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. "आज काय तारीख?"

"आठ."

"बैठक वीसला आहे," ते म्हणाले.

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. टेक्सासच्या कोणाला "पुरावा नाही" लिहावे, तसा होता. त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात शोधून त्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

चौथ्या दिवशी मी बाबांचा संगणक उघडला. लोकांना कळवायचे म्हणून पत्ते हवे होते. बाबांच्या नावे समितीचे पत्र येऊन पडले होते. बैठकीपुढे ठेवायची यादी रविवारीच तयार करायची होती, आणि त्यांना फक्त एक विचारायचे होते: फूल थोडे मोठे काढले तर दुरून ओळखू येईल, हा बदल अर्जदाराला मान्य आहे का? मान्य असल्यास होय म्हणून कळवावे. अर्ज बाकी सर्व दृष्टींनी निर्दोष आहे.

बाबा गेल्याचे त्यांना माहीत नव्हते. डोनालासुद्धा मी अजून सांगितले नव्हते.

मी लिहिले, "होय. मान्य आहे." खाली बाबा करायचे तशी सही केली: एस. गानू, पुणे.

आई चहा घेऊन दारात उभी होती. "काय लिहितेयस त्यांच्या खात्यातून?"

मी सांगितले. आईने कप टेबलावर ठेवला. पत्र इंग्रजीत होते, तरी तिने वाकून पडद्याकडे पाहिले.

"पाठवलंस की मिळेल?"

"मिळेल. कोणाला कळणार नाही."

"त्या दिवशी त्यांना कळलं," आई म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. चहावर साय धरली. सात वर्षांत बाबांनी परत पाठवलेली माणसे मला आठवत होती. त्यांतल्या एकाने फार विनवणी केली होती, त्याच्या मुलाला हॉस्पिटलात ढाल दाखवायची होती. बाबा दोन रात्री जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी पुरावा सापडला, तेव्हाच त्यांनी होय लिहिले. सापडला नसता तर लिहिले नसते.

मी दोन्ही ओळी खोडल्या आणि माझ्या नावाने समितीला आणि डोनाला लिहिले, की अर्जदार श्रीनिवास गानू यांचे नऊ मे रोजी निधन झाले.

डोनाचे उत्तर त्याच रात्री आले. सकाळची फेरी संपवून, रिकाम्या बसमध्ये बसून पत्र वाचले, असे तिने लिहिले होते.

जूनमध्ये यादी आली. मी ती छापून आईपुढे धरली. मंजूर नावांची दोन पाने होती. तिसऱ्या पानावर, परत केलेल्यांत, एकच नोंद होती. मी आईला मराठीत सांगितले: "नाकाहारा नो यासुनोरी, म्हणजेच श्रीनिवास गानू, पुणे. नाव नियमात बसते. चिन्ह नियमात बसते. अर्जदार हयात नसल्याने परत."

"म्हणजे नाही मिळालं."

"नाही."

"छापलंय मात्र नीट," आई म्हणाली. "गानूसुद्धा."

मी बाबांचा कार्डांचा खण उघडला. जपानी अक्षरक्रमाने लावलेल्या कार्डांत "ना"खाली त्यांचे स्वतःचे कार्ड होते. नाव लिहिलेले होते. पुराव्याचा रकाना, पाठची बाजूसुद्धा, बारीक अक्षरांनी भरली होती. निर्णयाचा रकाना कोरा होता. मी पेन्सिलीला टोक काढले आणि लिहिले: "परत." खाली तारीख घातली आणि कार्ड त्याच्या जागी ठेवले. खण पूर्वीसारखाच थोडा अडखळून बंद झाला.