काच उचलताना

थोरल्याने धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. कारण काय, तर मत! मतमोजणीच्या रात्री थोरला म्हणाला, "तू विकला गेलास." धाकटा म्हणाला, "दादा, तू आंधळा झालायस." झालं! निवडून आलेल्याला आणि पडलेल्याला, दोघांनाही यांची नावं ठाऊक नव्हती. पण इथे सख्ख्या भावांनी एकमेकांच्या नावाने आंघोळ केली.

दुकान मात्र एकच राहिलं, काचेचं. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. पूर्वी मागचा "हां" म्हणायचा, मग दोघं उचलायचे. अबोला धरल्यावर मागच्याने टेबलावर टकटक करायची, असं ठरलं, म्हणजे न बोलताच ठरलं. एरवी पाठीला पाठ लावून काम. धाकट्याची बायको एकदा काकुळतीने म्हणाली, "भाऊजी, ते वाईट नाहीत हो, मत वेगळं आहे एवढंच." "मला शिकवू नकोस," थोरला म्हणाला. धाकटा नुसता खोकला तरी याला वाटे, मुद्दाम खोकतोय.

त्या दिवशी मोठी काच एकच होती, थोरल्याच्या पक्षाच्या कचेरीची. दुपार कलली तेव्हा दोघं उचलायला उभे राहिले. मागे धाकटा. टकटक काही येईना. थोरल्याने वाट पाहिली, मग चिडून स्वतःच टेबल बडवलं आणि उचलली. धाकट्याचा उजवा हात वर आलाच नाही. काच फरशीवर पडून चक्काचूर झाली.

थोरल्याने वळून पाहिलं. धाकट्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

"हसतोस? आमची काच फोडून वर दात काढतोस?" दीड वर्षाने तोंड उघडलं, ते हे बोलायला! धाकटा "आ... आ..." करत राहिला. "आता वेडावतोस होय मला?" म्हणत थोरला चपला सरकवून तडक बाहेर पडला.

चहाच्या दुकानात चार डोकी होती, सगळी आपल्याच बाजूची. "ती माणसंच तसली," थोरला म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याला बरं वाटलं, म्हणून त्याने दुसरा चहा मागवला. अरे देवा, दुसरा चहा!

परतला तेव्हा धाकटा काचांमध्ये आडवा पडला होता, डोळे टक्क उघडे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या काही तासांतच. उशिरा दिलं तर उलट जीव जायचा. कधी सुरू झालं हे?"

"सकाळी निघाले तेव्हा चांगले बोलत होते," धाकट्याची बायको म्हणाली.

"सकाळपासून धरलं तर वेळ गेली. दिवसभर जवळ कोण होतं?"

"मी," थोरला म्हणाला. "एकाच खोलीत होतो. दुपारी काच पडली तेव्हा तोंड वाकडं दिसलं."

"ते दिसलं तेव्हा; सुरू त्याआधी कधी झालं, ते आठवा. तुमच्याशी नीट, स्पष्ट शेवटचं कधी बोलले? जेवताना? जेवणानंतर?"

थोरल्याला वाटलं, ठोकून द्यावी एखादी वेळ. पण ती चुकली तर भावाचा जीव त्याच्याच हातून जाणार होता. पलंगावरून धाकटा त्याच्याकडेच बघत होता, तोंड तसंच वाकडं.

"काका, लवकर सांगा."

"मतमोजणीच्या रात्री," थोरला म्हणाला.

बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वळून नर्सला म्हणाल्या, "राहू दे ते इंजेक्शन."