झाकण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी तुटलेली आहे, म्हणून भिंतीला टेकल्याशिवाय माझं झाकण उभं राहत नाही. हसू नका. ती कशी तुटली, तेच सांगायचंय.

मला घरात आणलं ते दादासाठी. दादाने गाड्यांच्या शर्यती खेळून माझा जीव नकोसा केला. तो उठला की त्याची बहीण हळूच बसायची, प्रोग्राम लिहायची. चुकलं की स्वतःलाच "अगं वेडे!" म्हणायची आणि पुन्हा लिहायची. तेव्हा कुठे मला वाटलं, आपण काहीतरी कामाचे आहोत.

पुढे ती एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. लग्नानंतर मलाही सासरी घेऊन गेली आणि घरूनच काम करू लागली. टीममध्ये बाई ती एकटीच. "मीटिंगचे मुद्दे तुम्हीच लिहा हं, बायकांना छान जमतं," असं सगळे म्हणत आणि ती मुकाट्याने लिही.

तिचा नवराही घरूनच काम करायचा. त्याचं दार लागलं की सगळे दबक्या पावलांनी चालत. ती काम करत असताना मात्र पाहुणे आले की सासूबाई येऊन माझं झाकण लावून टाकत. झाकण लागलं की मी झोपतो, पलीकडच्या माणसाशी चाललेलं बोलणं तुटतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा टीमचं प्रमुखपद तिला मिळायची वेळ आली. मुलाखतीआधी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, तासभर हाक मारू नका हं."

"बरं बाई."

मुलाखत झकास चालली होती. माझ्या पडद्यावरचे कंपनीचे साहेब खूश होते. "आता शेवटचंच विचारतो. घर सांभाळून जमेल ना तुम्हाला?"

ती बोलणार, इतक्यात बेल वाजली.

"अगं, आत्याबाई आल्यात आणि तू बसून काय राहिलीस?" सासूबाईंनी झाकण दाबलं. तिने मध्ये हात घातला. कट्कन बिजागरी तुटली आणि माझा पडदा काळा पडला.

तिने घाईघाईने फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, "राहू द्या. आम्हाला उत्तर मिळालं."

पद दुसऱ्याला गेलं. वर्षभरात तिने नोकरीही सोडली. मला फार वाईट वाटलं, पण लॅपटॉपचं कोण ऐकतं?

मित्रांनो, झाकण लावण्याआधी समोर कोण बसलंय ते एकदा बघत जा. पुढे माझा पडदा दुरुस्त झाला आणि आता तिची लेक माझ्यासमोर बसते. काल तिने पहिला प्रोग्राम लिहिला. तो चालला, तशी ती टाळ्या पिटत उठली. तेवढ्यात बेल वाजली.

कुणी काही म्हटलं नव्हतं. पोरीने आपणहून माझं झाकण लावलं.