पट्टी बाहेर

"एक पाणी डोईला, दुसरं पाणी पाठीला,
तिसरं पाणी सरलं गं, ये माझ्या मिठीला..."

आम्हा दोघी बहिणींना न्हाऊ घालताना आई हे म्हणायची. डोक्यावरून पाणी ओतायची. आम्ही डोळे गच्च मिटून, श्वास धरून, हात वर करून उभ्या. शेवटचा शब्द आला की तोंड उघडायचं. धाकटी मध्येच खिदळायची आणि ठसका लागून लालबुंद व्हायची. आई म्हणायची, "अगं, गाणं संपेपर्यंत दम नाही का तुला?"

त्या धाकटीला आता सगळे भिंगरी म्हणतात.

आमची नदी बटणावर चालते. सकाळी सातला पंपवाला बटण दाबतो. काँक्रीटचा कोरडा कालवा आधी गुरगुरतो, मग भरतो, आणि तिसऱ्या पायरीखाली ती लाट उभी राहते. वरून आलेलं पाणी तिथे मागे वळून स्वतःवरच कोसळत राहतं. त्यात बुटकी कयाक, एकट्याने वल्हवायची बंदिस्त होडी, घालायची आणि पंचेचाळीस सेकंदांत जमतील तेवढ्या कोलांट्या, तेवढ्या गिरक्या घ्यायच्या, हा भिंगरीचा खेळ. माझं काम काठावर. हातात फेकायचा दोर, आणि पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाची पट्टी बघायची.

कमरेभोवतीचा रबरी स्कर्ट कयाकच्या तोंडावर ताणून बसवला की पाणी आत येत नाही, पण माणूसही बाहेर येत नाही. उलटं पडून सरळ होता आलं नाही तर स्कर्टची पुढची पट्टी ओढायची. स्कर्ट सुटतो, माणूस सुटतो. पट्टी चुकून आत दबली तर मात्र हाताला काहीच लागत नाही.

"ताई, कालच बघितलीस की," पोरं चिडवतात. "रात्रीतून तिला पाय फुटले काय?"

"फुटले असतील तर?" मी म्हणते, आणि ओढून बघितल्याशिवाय कुणाला सोडत नाही. गेले आठ महिने हे असंच.

आठ महिन्यांपूर्वी भिंगरी याच लाटेत उलटी अडकली. वल्हं हातातून गेलं. आईचं गाणं तिने पाण्याखाली मनात चारदा म्हटलं. पट्टी चाचपली, चाचपली, सापडली नाही. बचाववाल्याने कयाक काठाशी ढकलली. सगळ्यांच्या आधी मी पोचले, स्कर्ट बाजूने उपसला, तिला बाहेर खेचलं. ओठ जांभळे पडले होते. कोच म्हणाले, "पाण्याखाली माणूस गोंधळतो. पट्टी हाताशी असते आणि सापडत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. स्कर्ट उपसताना मला जे दिसलं, ते मात्र पोटात ठेवलं.

आज तिच्या तीन फेऱ्या होत्या. उलटं पडून एकदा तरी कयाकसकट स्वतः सरळ हो, नाहीतर संघातून नाव काढतो, असं कोचनी सांगून टाकलं होतं.

पहिली फेरी. ती उलटी झाली. काळा तळ वर, पांढरं पाणी त्याच्यावर. मी मनात ओळ धरली. एक पाणी डोईला... दुसरं यायच्या आत फट्ट आवाज झाला. स्कर्ट सुटला, डोकं वर आलं. दुसऱ्या फेरीला तेच. पोहत काठाला आली तेव्हा दातांवर दात आपटत होते.

कपडे बदलायच्या खोलीत ओल्या रबराचा वास कोंडला होता. ती हीटरला पाठ लावून बसली.

"हात ऐकत नाही गं," ती म्हणाली. "उलटी झाले की धावतोच पट्टीकडे. तेव्हा सापडली नाही ना, म्हणून आता आधीच जाऊन पकडतो. माझेच हात, आणि मलाच त्यांची भीती."

मी टॉवेलने तिचे केस पुसत राहिले.

"ताई, एक करशील?"

"काय?"

"या फेरीला पट्टी आत घाल."

टॉवेल हातातच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नसलीच तर ओढणार कशी? सरळ व्हावंच लागेल मग. आणि बघणारी तूच. कुणाला कळायचंय?"

"नाही झालीस सरळ तर?"

"तेव्हा होती ना बाहेर? काय उपयोग झाला?"

बाहेर कोचची शिट्टी वाजली. ती उठली.

काठाशी ती कयाकमध्ये बसली. बोटं गारठून काठ्या झालेली. तिने दोन्ही हात वर केले, न्हाणीघरात करायची तसे. "तूच लाव. तुझ्या हातांवर भरवसा आहे माझा."

ती अडकली त्या दिवशीही तिची बोटं अशीच गारठली होती. तेव्हाही असेच हात वर होते. ती काहीतरी सांगून हसवत होती, शिट्टी वाजली, आणि मी हसत हसत पुढची कड घाईने दाबली.

आज मी स्कर्ट मागून बसवला, मग बाजूंनी. पुढची कड हातात धरली. पाणी एवढं गर्जत होतं की तिच्या त्या भरवशाला मी उत्तर दिलं नसतं, तरी तिला वाटलं असतं, आवाजात ऐकू आलं नाही.

"घाल की आत," ती म्हणाली. "लवकर."

मी पट्टी बाहेर काढली आणि तिच्या मुठीत दिली. माझ्या दोन्ही हातांनी ती मूठ मिटली.

"तेव्हा ती बाहेर नव्हती," मी म्हणाले. "स्कर्ट मी लावला होता. पट्टी आत दबली होती, उपसताना मी बघितली. तुझा हात बरोबर जागी गेला होता गं. चुकला तो माझा."