बोरगावचं घर, हिंगणघाटचं स्थळ

बंडूजी आमच्याकडे आले की दारात चपला काढायचे आणि आधी भिंतींकडे पाहायचे. माणसांकडे त्यांची नजर सगळ्यात शेवटी वळायची. बोरगाव मेघेच्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं, पण तेल-तांदूळ विकायची त्यांची बायको. बंडूजी स्वतः दोनच गोष्टी जमवत, घरांचे सौदे आणि लग्नं. एका खिशात प्लॉटचे नकाशे, दुसऱ्या खिशात मुलामुलींचे बायोडेटा. मला त्या माणसाचा पहिल्यापासून राग यायचा. बाबांना मात्र तो देवमाणूस वाटे.

घर आईचं. ती शाळेत शिकवायची. कर्ज काढून तिनं ते बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती तुरीची शेतं होती. चौऱ्याण्णव साली ती गेली आणि कागदावर बाबांचं अन् माझं, अशी दोन नावं लागली. पोस्टातून निवृत्त झाल्यावर बाबांनी ठरवून टाकलं, यामिनीचं, म्हणजे माझं, लग्न झालं की घर विकायचं आणि नागपूरला आत्याजवळ जाऊन राहायचं. दोन्ही कामं त्यांनी बंडूजींच्या गळ्यात घातली. दोन माणसांच्या मागे कशाला फिरा, असं त्यांचं म्हणणं.

घराला गिऱ्हाईक मिळेना. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघं-तिघं पाहून गेले, विहिरीचं पाणी पिऊन गोड आहे म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

"मंदी हाय, केशवराव," बंडूजी बाबांना सांगत. "भाव थोडा खाली घ्या."

बाबांनी घेतला. तरी कोणी आलं नाही. पावसाळाभर फाटक वाजलं की बंडूजीच असायचे, एकटेच.

तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात ते माझ्यासाठी हिंगणघाटचं स्थळ घेऊन आले. मुलाचं नाव राजस, विमा कंपनीत नोकरी, वडील नाहीत, घरचा सगळा कारभार मामांच्या हातात. मामा म्हणजे प्रभाकरराव, ठेकेदार. पाहण्याच्या दिवशी राजस माझ्याशी दोन वाक्यं बोलला आणि दोन्ही बरी होती. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. प्रभाकरराव मात्र चहाचा कप घेऊन अंगणात गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. विहिरीपासून फाटकापर्यंत ते पावलं मोजत होते आणि बंडूजी त्यांच्या मागे मागे चालत होते.

आठ दिवसांत होकार आला. बाबांनी पेढे वाटले. आणखी पंधरा दिवसांनी बंडूजी हसत हसत आले.

"अजून एक गोड बातमी. प्रभाकरराव तुमचं घर घेतो म्हणतात. घर अन् पोरगी, दोन्ही एकाच घरी चालले. अजून काय पाह्यजे तुमाले?"

भाव आधीपेक्षाही खाली होता. बाबा चुळबुळले.

"सोयऱ्यासंग घासाघीस करता काय, केशवराव?" बंडूजींनी हळूच विचारलं, आणि बाबांनी मान डोलावली. साखरपुडा उरकला. रजिस्ट्रीची तारीख लग्नाच्या आधीची ठरली. आधीची का, असं मी विचारलं, तर प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं.

रजिस्ट्रीच्या दोन दिवस आधी शोभाबाई आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, उन्हाळ्यात नवऱ्याला घेऊन घर पाहून गेलेल्या.

"नवीन मालक कवा येतीन राहाले?" त्यांनी मला विचारलं. "एखादी खोली भाड्यानं देतीन का?"

"कोण नवीन मालक?"

"हिंगणघाटचे ना, प्रभाकरराव. आमाले घ्याचंच होतं हे घर, सगळी सोय झालती. पण पोळ्याच्या दिवशी बंडूजी म्हणे, घर त्याइले इकून झालं."

पोळ्याला! म्हणजे माझं स्थळ यायच्या दोन महिने आधी. सौदा तेव्हाच ठरला होता. बाकीच्या गिऱ्हाइकांना बंडूजींनी वाटेतूनच परत पाठवलं होतं. भाव पाडायला नातं हवं होतं आणि कागदावर माझी सही हवी होती, म्हणून ते लोक मला पाहायला आले होते.

मी तशीच दुकानात गेले. बंडूजी गूळ फोडत होते.

"तुम्ही दोन्ही डगरींवर हात ठेवला," मी म्हटलं. "आमच्याकडूनही दलाली आणि त्यांच्याकडूनही."

"चार ठिकाणी घेतली ना," ते शांतपणे म्हणाले. "घराची दोन, लग्नाची दोन. दोन माल एका गाडीत गेले तं भाडं वाचते." मग त्यांनी आवाज उतरवला. "सही नाई केली तं दोन्ही माल वापस येतीन. घर वापस आलं तं चालते, यामिनीताई. पोरगी वापस आली तं लोकं मले इचारतात, काऊन आली? मंग मले काई ना काई सांगा लागते."

त्यांनी गुळाचा खडा कागदात बांधून माझ्या हातात दिला. "बाबाले आवडते," म्हणाले.

घरी बाबा आईचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि गुणगुणत होते. कितीतरी वर्षांनी गुणगुणत होते. मी गुळाचा खडा डब्यात टाकला आणि शोभाबाईंचं नाव काढलं नाही.

रजिस्ट्रारच्या कचेरीत बाबांनी सही केली, अंगठा दिला. मग कागद माझ्यापुढे आला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "स्वखुशीनं सही करताय ना?"

"नाही," मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. प्रभाकरराव उठले आणि निघून गेले. त्यांच्या मागे राजस निघाला. त्यानं एकदा जरी वळून पाहिलं असतं तरी मी पेन उचललं असतं, इतकी मी लाचार झाले होते. तो वळला नाही. बंडूजींनी कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"येतो, केशवराव," ते म्हणाले. "लोकं इचारतीन आता."

आम्ही रिक्षानं घरी आलो. फाटकाशी उतरल्यावर मी त्यांना शोभाबाईंचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत पायऱ्या चढले. दाराशी आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरासाठी का होईना, ते लोक हो तरी म्हणाले होते. तुझी आई गेल्यापासून नुसतं तुला पाहायला सात जण आले, यामिनी. एकाचाही होकार आला नाही."

मी चिडून उत्तर देणार होते, तेवढ्यात थांबले. कारण वाटेतून परत पाठवलेली घराची गिऱ्हाइकं आठवून मला भलतंच काहीतरी सुचलं होतं, आणि ते विचारायची भीती वाटत होती.

"बाबा," मी विचारलं, "ते सात जण कोणी आणले होते?"

कुलपाजवळ गेलेला त्यांचा हात तसाच राहिला.

"बंडूजींनी," ते म्हणाले, आणि पायरीवर खाली बसले.