पाऊण तासाचा म्हातारा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. नळाचा नव्हे, माझ्यातून पाण्याचा थेंबही कधी गेला नाही. मी संगणकाच्या पोटातला पाइप. एक प्रोग्राम माझ्या एका टोकातून मजकूर आत टाकतो आणि दुसरा प्रोग्राम दुसऱ्या टोकाने तो त्याच क्रमाने काढून घेतो. वय विचाराल तर पाऊण तास. हसू नका. आमच्यात जन्मणं आणि जाणं पापणी लवायच्या आत उरकतं. त्या मानाने मी तुमचा पणजोबा आहे.

माझा जन्म आज दुपारी सव्वादोनला, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, मेहकरच्या मराठी शाळेत झाला. मला कामाला लावलं प्रेरणाने. ती जनवाड्याची, इथे मुलांना संगणक शिकवते. शाळेत आठवीचा वर्ग उघडायचा, तर मुलांची यादी आज पाचच्या आत तालुक्याच्या कचेरीत पोचायला हवी होती, तीही कन्नडमध्ये, छापील. गेल्या वर्षी हाताने लिहिलेली यादी परत आली आणि वर्ग बुडाला. तालुक्याला, म्हणजे भालकीला, जाणारी गाडी तीनची. नंतरची एकदम सहाला.

प्रेरणाचा मुख्य प्रोग्राम मला जन्म देतो आणि दोन मदतनीस प्रोग्राम कामाला लावतो. पहिला मराठी यादीतली नावं माझ्यात टाकतो. दुसरा ती कन्नड लिपीत लिहितो, क्रम लावतो, वर एकूण आकडा घालतो आणि छापतो. दोघांना तिने वेगवेगळं चालवून पाहिलं होतं, एकत्र मात्र आजच. तेवीस नावं माझ्यातून सरसर गेली. शेवटचं नाव संध्याचं, शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या गुरुबाईच्या नातीचं. पहिला मदतनीस काम आटोपून निघूनही गेला. मुख्याध्यापक अमृतप्पा सर म्हणाले, "वा, प्रेरणा!" मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय.

मग काहीच होईना. दुसरा मदतनीस माझ्या तोंडाशी बसून राहिला, अजून नावं येतील म्हणून. त्याचीही चूक नव्हती. माझं लिहायचं टोक ज्यांच्या ज्यांच्या हातात असतं, त्या सगळ्यांनी ते सोडलं, तरच वाचणाऱ्याला मजकूर संपल्याचं कळतं. मुख्य प्रोग्रामने ते टोक स्वतःच्याही हातात धरून ठेवलं होतं. त्याला एक अक्षर लिहायचं नव्हतं, पण सोडायला सांगायचं प्रेरणा विसरली होती. मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. फार वाईट वाटलं हो.

"कामून थांबलंय हे?" सरांनी विचारलं.

"काम करायलंय वाटतं, सर."

"मग हात लावू नको. नावं उडतील."

म्हणून कुणी हात लावला नाही. अडीच झाले, पावणेतीन झाले. प्रेरणा पडद्याकडे बघत नखं खात होती.

तेवढ्यात भांडी आवरून घरी निघालेली गुरुबाई दारात आली. "येते बरं का, सर," म्हणाली आणि दाराची कडी धरून उभीच राहिली. येते म्हणायचं आणि अर्धा तास हलायचं नाही, ही तिची रीतच.

"वर्ग न्हाई निघाला तर संध्या घरी बसंल, सर. बिदरला ठेवायचं तर तिथं आपलं कोण हाय?" पुन्हा म्हणाली, "येते." कडी तशीच हातात.

सर आधीच टेकीला आले होते. "गुरुबाई, कितीदा येशील? तू कडी धरून उभी, अन् मी आपला कान देऊन बसलोय. सोड की ती कडी, म्हंजे कळंल तुझं बोलणं सरलं म्हणून."

प्रेरणाचं बोट ओठाशीच थांबलं. "सर, मुख्य प्रोग्राम कडी धरून बसलाय. मीच सोडायला सांगितलं न्हाई. तेवढा बंद करते."

"अन् नावं?"

"नावं पोचलीत. वाचणारा निसता वाट बघायलाय."

सरांनी डोळे मिटून मान डोलावली. प्रेरणाने मुख्य प्रोग्राम बंद केला. टोक सुटलं. मदतनिसाला उमगलं, त्याने तेवीसचा आकडा घातला आणि प्रिंटर कुरकुरत जागा झाला.

पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि कागद अजून निम्माच बाहेर आला होता.

"गुरुबाई, पळ," सर म्हणाले. "गाडीचं दार धर, अन् येते येते म्हणत उभी ऱ्हा."

गुरुबाई पदर खोचून गेली. खिडकीतून तिचा आवाज ऐकू आला, "येते हो, कंडक्टर अण्णा. तर मी काय म्हणत होते..." कंडक्टर कावला, शिट्ट्या मारू लागला, पण दार काही सुटलं नाही. कागद हाती येताच सर धोतर सावरत धावले आणि गाडीत चढले. मग कुठे तिने दार सोडलं.

आता शाळेसाठी दुसरी प्रत छापली जाते आहे. तेवढा वेळ माझं वाचायचं टोक उघडं आहे, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. प्रेरणाने चूक दुरुस्त केली. माझ्यामागून येणारे पाइप क्षणभर जगतील, आणि तेच बरं. मित्रांनो, दार असो की टोक, काम झालं की हात काढून घेत जा. पलीकडे कुणीतरी खोळंबून बसलेलं असतं.

तुमच्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. छान रीत आहे. पण मी तसं म्हटलं तर वाचणारा जन्मभर बसून राहील. म्हणून सरळ सांगतो, माझं बोलणं संपलं.