फुकटातला पहिला नंबर

थोरलीची कादंबरी आधी ई-बुक म्हणून निघाली. प्रकाशक म्हणजे तिची धाकटी बहीणच. तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "ताई, पडद्यावर खपली तर कागदावर छापीन. बहीण म्हणून छापली, तर गठ्ठ्यांवर अंथरूण घालून तुलाच झोपावं लागेल."

किमतीवरून दोघींची जुंपली.

"कागद नाही, शाई नाही, मग चहाच्या दरात दे की," थोरली म्हणाली.

"फार स्वस्त ठेवलं की लोकांना वाटतं, आत काही नसणार. महाग ठेवलं की दुकान स्वतःचा वाटा वाढवतं. मधेच कुठंतरी बसायचं, गप्प."

इंटरनेटवरचं ते मोठं दुकान. त्याला ना दार, ना गल्ला, नियम मात्र सासूपेक्षा जास्त. त्यातला एक धाकटीनं वाचूनही दाखवला होता: पुस्तक दुसरीकडे कुठंही स्वस्त दिसलं, तर दुकान आपणहून तितकं खाली येणार. थोरली तेव्हा मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव बघत होती.

तिच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींची एक वेबसाइट होती. पाठदुखीचे व्यायाम, नातवंडांचे फोटो, असलं काहीबाही. "आमच्याकडूनही पैसे घेणार?" असं त्यांनी विचारलं आणि थोरली विरघळली. आठवडाभर कादंबरी तिथं फुकट. धाकटीला कशाला सांगायचं, घरचंच तर आहे!

मोठ्या दुकानाच्या यंत्रानं ते हुंगलं आणि किंमत शून्यावर आणली. हजारो लोकांनी कादंबरी उतरवून घेतली.

दिराचा फोन आला. "वहिनी, यादीत पहिला नंबर!"

थोरलीनं आरशासमोर उभं राहून लेखिकेसारखं हसून पाहिलं.

तेवढ्यात धाकटी आली. पर्सही खांद्यावरून उतरवली नाही. "कुठल्या यादीत पहिला, ते वाचलंस? फुकटाच्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"पण लोक वाचतायत ना गं?"

"फुकट मिळालं की लोक घेतात, ताई. वाचतात कुठं?"

मैत्रिणींच्या साइटवरून पुस्तक काढलं, किंमत परत चढली. लगेच शेरे आले. "काल फुकट, आज पैसे? लुटारू!" एक तारा. कादंबरीबद्दल एका अक्षरानं कुणी बोललं नव्हतं. मग विक्री बसली ती बसलीच. धाकटीनं छपाईचं नाव काढायचं सोडलं आणि थोरलीनंही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

दिराला मात्र तिनं विचारलंच. "भाऊजी, वाचली का?"

"ठेवलीय ना फोनमध्ये! सवड कुठं मिळते, वहिनी? छापील निघाली की द्या, सही करून."

"देईन हं," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं दुकानात जाऊन स्वतःची कादंबरी पूर्ण किंमत मोजून घेतली. दुकानानं आपला वाटा तिथल्या तिथं कापून घेतला.

महिनाअखेरीस धाकटीचा फोन आला. आवाज बऱ्याच दिवसांनी मऊ होता. "ताई, एक खपली बघ!"

"हो का? कुणी घेतली गं?"

"दुकान नाव सांगत नाही."

"असेल कुणीतरी चोखंदळ," थोरली म्हणाली.