नमुन्याच्या गोळ्या

मामा कुणाचं फुकट घेणाऱ्यांतला नव्हता. घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. गिऱ्हाइकाचा पट्टा बसवून द्यायचे पैसे मागताना लाजायचा, पण कुणाचा कपभर चहा प्यायला तर त्याला परत पाजल्याशिवाय झोप लागायची नाही. अशा माणसाचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायची महागडी गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानात किंमत ऐकून त्याच्या भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला कळून चुकलं, हा आकडा मामाच्या कानावर गेला तर तो गोळीला हात लावायचा नाही.

या भाचीला मामानेच लहानाची मोठी केली होती. एका जागी बसायची नाही म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं भिंगरी. आता ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, नवशिक्यांच्या धक्क्यांनी कंबर मोडून घ्यायची. गोळ्यांसाठी तिने रविवार सकाळचेही शिकाऊ घेतले आणि मामाला सांगितलं, "दवाखान्यात कंपनीवाले नमुने ठेवून जातात. डॉक्टर तेच देतात. पडून वाया जाण्यापेक्षा तुला."

"मग हरकत नाही," मामा म्हणाला.

खोटं बोलावं तर रेटून. पाकिटावर किंमत छापलेली असते, म्हणून ती गोळ्या काढून साध्या डबीत भरून न्यायची. असे काही महिने सुखाचे गेले.

मग मामाच्या पावलांना सूज आली. जिन्याच्या चार पायऱ्या चढला की दम खायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "दोन्ही वेळा गोळी घेता ना?" मामा छताकडे बघत "हो" म्हणाला. भिंगरीला ते छताकडे बघणं ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती न सांगता त्याच्या घरी गेली. मामा आणि खालच्या मजल्यावरचे मिस्त्रीकाका पत्ते खेळत बसले होते. काका एकेकाळचे सुतार, एकटे, मामाचे जुने दोस्त. त्यांचंही हृदय तसंच. तिच्या देखत त्यांनी डबी उघडली, एक गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

"मामा, हे काय?"

"अगं, यालाही डॉक्टरांनी हीच लिहून दिलीय. परवडत नाही म्हणून घेतच नव्हता," मामा खुशीत सांगायला लागला. "म्हटलं सकाळची माझी, संध्याकाळची तुझी. फुकटचं तर आहे. नमुने थोडे जास्त मागून आण की."

त्या दिवशी एका शिकाऊने गाडी भिंतीला घासली होती आणि मालकाची बोलणी भिंगरीने खाल्ली होती. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते तिला तेव्हा कळलं.

"फुकटचं नाहीये ते. एकेक गोळी मी विकत आणते. रविवारसुद्धा कामाला जाते. मी कुणाकुणाला पोसायचं?"

मिस्त्रीकाकांनी हातातले पत्ते हळूच पालथे ठेवले. "मला ठाऊक नव्हतं, बाळ," एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरले. 'कुणाकुणाला' या शब्दात आपणही मोजलो गेलो, हे मामाच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. जिने ज्याच्या ताटातलं खाल्लं, तिनेच पोसायची भाषा केली होती. भिंगरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिने माफी मागितली नाही. उद्या मागू, म्हणाली मनाशी.

आठवड्याभराने मामाचाच फोन आला. त्या संध्याकाळपासून गोळी सोडलेले मिस्त्रीकाका जिन्यात कोसळले होते, श्वास लागला होता. भिंगरी शिकाऊला रस्त्यातच उतरवून निघाली. दोघांना गाडीत घालून तिने दवाखाना गाठला. वाटेत काका घशातून शिट्टीसारखा आवाज काढत होते आणि तो प्रत्येक आवाज तिच्या काळजात रुतत होता. मामा मागे त्यांचा हात धरून बसला होता. आरशात त्याची नि तिची नजर एकदाही मिळाली नाही.

काका वाचले. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा भिंगरीने सगळं सांगून टाकलं: नमुन्यांचं खोटं, अर्धी वाटणी, आपलं बोलणं.

डॉक्टर खुर्चीत टेकल्या. "अहो, हीच गोळी आता दुसऱ्या कंपनीचीही मिळते. पाव किमतीत. तुम्ही कधी महाग पडतं म्हणालाच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला झेपतंय."

दुकानात कितीदा तरी पैसे देताना भिंगरीने नोटा दोन-दोनदा मोजल्या होत्या, पण स्वस्त काही आहे का, एवढं विचारायला जीभ रेटली नव्हती. मामाचा ताठा मामाकडेच राहिला नव्हता. तो तिच्यातही पुरेपूर उतरला होता.

नव्या गोळ्या मामा स्वतःच्या पैशातून घेऊ लागला; काकांनाही परवडू लागल्या. पायांची सूज उतरली, पत्ते पुन्हा सुरू झाले. भिंगरीने काकांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "तू खोटं कुठे बोललीस?" राग करते तर तिला सोपं गेलं असतं.

मामाजवळही ती बसली. "मी तुला म्हटलं नव्हतं, मामा."

"माहीत आहे गं," त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात तोच होता, मायाही तीच.

पण पुढच्या वेळी ती सफरचंदं घेऊन गेली, तर मामाने खिशातून पाकीट काढलं. "किती झाले?"

"मामा, असं काय करतोस?"

"सांग ना. नाहीतर राहू दे, घेऊन जा."

तिने किंमत सांगितली. त्याने नोट तिच्या हातात ठेवली आणि सुट्या पैशांची वाट बघत उभा राहिला. भिंगरीने पर्स उघडून सुटे पैसे परत केले. न करती, तर त्याने सफरचंदाला हात लावला नसता.